शिरपूरच्या पाटलांची स्मिता

मागच्या आखाजीला चार दिवस माहेरी धुळ्याला गेले होते. दुपारी आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं आणि आम्ही सगळ्या माहेरवाशिणी पंख्याखाली सुस्तावून पडलो. माझी भाची शेजारी मोबाइलवर बोट फिरवत होती. एकदम थांबली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. सावळा चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, आणि ते डोळे. ही कोण गं आत्या, असं तिनं विचारलं. मी चटकन उठून बसले. म्हटलं, अगं, ही स्मिता पाटील, आपलीच. इथून तासाभरावर शिरपूर आहे ना, त्या शिरपूरच्या पाटलांची लेक.

भाचीला ते खरंच वाटेना. ती धुळ्यात वाढलेली, बारावीला गेलेली, शिरपूरला लग्नाकार्याला दहा वेळा जाऊन आलेली. तिला स्मिता पाटील माहीत नव्हती, यात तिचा दोष नाही. आम्ही तरी कधी सांगितलं? म्हणून आज हा लेख. मी काही सिनेमाची जाणकार नाही. बी. ए.ला मराठी घेतलं होतं एवढंच. जे वाचलं, पाहिलं आणि स्वतःच्या संसारात नि कामात ज्याची आठवण येत राहिली, ते सांगते.

स्मिताचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरलेले, नंतर समाजवादी विचारांचे, पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि महाराष्ट्रात मंत्री झाले. शिरपूरचा सहकारी साखर कारखाना म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना त्यांचंच नाव आठवतं. २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका होत्या आणि समाजकार्यातही होत्या. म्हणजे घरात पैशाआडक्याच्या गप्पा कमी आणि सभा, मोर्चे, शिबिरं यांच्याच जास्त.

१७ ऑक्टोबर १९५५ ला पुण्यात स्मिताचा जन्म झाला. तीन बहिणींत ही मधली. थोरली अनिता पुढे डॉक्टर झाली, धाकटी मान्या कपडेपटाच्या कामात शिरली. जन्मल्याबरोबर बाळाच्या चेहऱ्यावर हसू होतं म्हणून आईनं स्मिता हे नाव ठेवलं, असं सांगतात. गंमत बघा, पडद्यावर हीच मुलगी पुढे दुःखाच्या भूमिकांसाठी ओळखली गेली. प्रत्यक्षात ती खळखळून हसणारी, गाडी भरधाव चालवणारी, कॅमेरा घेऊन फोटो काढत फिरणारी होती. पुण्यात रेणुका स्वरूप शाळेत शिकली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात नाचली, गायली, गावोगाव हिंडली. आपल्या खान्देशात सेवा दलाची शिबिरं किती व्हायची, हे सत्तरीच्या बायकांना विचारा. साने गुरुजींचं अमळनेर आपलंच ना! रांगेत बसून जेवायचं, आपली ताटली आपण घासायची, मंत्र्याची मुलगी असली तरी. हे वळण तिच्या अंगात शेवटपर्यंत राहिलं असावं, असं मला वाटतं.

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला गेलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं. ओळखीच्यांनी काढलेले स्मिताचे काही फोटो दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांच्या नजरेस पडले आणि तिला मराठी बातम्या वाचायला बोलावलं. तेव्हा तिला विशीही लागली नव्हती. ती स्टुडिओत जीन्स घालूनच जायची आणि बातम्यांच्या आधी जीन्सवरच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसायची. पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसतं, मग खाली काय आहे ते कोण बघतंय! ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचलीच असेल. मला ती फार आवडते. आपणही घाईच्या वेळी गाऊनवर साडी गुंडाळून दारात हळदीकुंकवाला उभ्या राहतोच की.

त्या बातम्या बघणाऱ्यांत श्याम बेनेगल होते. हे दिग्दर्शक २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांनी 'चरणदास चोर' या मुलांच्या सिनेमात तिला घेतलं, मग 'निशांत'मध्ये. दोन्ही १९७५ चे. त्याच सुमारास जब्बार पटेलांच्या 'सामना'मध्येही तिची छोटी भूमिका होती.

नंतर आला 'मंथन', १९७६ मध्ये. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या पैशांवर हा सिनेमा तयार झाला. सिनेमा लागला तेव्हा ते शेतकरी आपला सिनेमा बघायला गाड्या भरभरून आले. दूध संघ उभा राहताना गावातली जातपात, सावकारी, पुढारपण कसं आडवं येतं, ते त्यात दाखवलं आहे. आपल्याकडे डेअरीला दूध घालणाऱ्या बाईनं तो एकदा तरी बघावा. स्मिता त्यात बिंदू झाली, दूध घालणारी, तोंडानं फटकळ. चित्रीकरणाच्या वेळी ती गावातल्या बायकांमध्ये अशी बसायची, की शूटिंग बघायला आलेल्या मुलांना हिरॉईन कुठली तेच कळेना, अशी आठवण सांगितली जाते.

इथे जरा थांबते, कारण हे माझ्या जवळचं आहे. मी सावळी. घरात कुणी वाईट नव्हतं, पण मी वयात आले तेव्हापासून डाळीचं पीठ, हळद, साय यांचे प्रयोग माझ्यावर चालू झाले. दाखवण्याचे कार्यक्रम व्हायचे. पाहुणे कांदेपोहे खाऊन जायचे आणि निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. पत्रिकेचा रंग कोणता, ते आम्हाला कळायचं. एकदा असाच निरोप आला त्या रात्री आईनं मला जवळ घेतलं आणि स्मिता पाटीलचं नाव घेतलं. तिचा रंग काय तुझ्याहून उजळ होता, असं ती म्हणाली. मी तेव्हा फक्त रडले. पण दुसऱ्या दिवसापासून डाळीचं पीठ मी भज्यांसाठीच वापरलं. स्मितालाही सुरुवातीला हिनं सिनेमात काय करायचं, असं ऐकावं लागलंच. हिंदी सिनेमातल्या गोऱ्यापान नायिकांच्या रांगेत ती बसत नव्हती. तिनं मेकअपनं उजळ होण्याचा नाद धरला नाही. तिच्या कितीतरी सिनेमांत चेहऱ्यावर घाम आणि धूळच दिसते.

बावीस वर्षांच्या आत तिनं 'भूमिका' केला. हा १९७७ चा सिनेमा हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला आहे. हंसाबाई म्हणजे महायुद्धाच्या काळातली मराठी पडद्यावरची मोठी नटी. प्रभातचा 'संत सखू' १९४१ चा आणि 'रामजोशी' १९४७ चा. लहान वयात घरच्या गरिबीपायी सिनेमात आल्या, कमावत राहिल्या. त्यांच्या कमाईवर इतरांची घरं चालली आणि त्यांना स्वतःचं म्हणावं असं घर शोधत फिरावं लागलं. १९७१ मध्ये त्या वारल्या.

'भूमिका'तली उषा किशोरवयापासून प्रौढपणापर्यंत स्मितानंच केली. लावणी नाचणारी, नवऱ्याचा मार खाणारी, एका श्रीमंताच्या वाड्यात सुखानं राहायला गेलेली, आणि त्या वाड्याच्या फाटकाबाहेर एकटीनं जायची परवानगी नाही हे कळल्यावर थिजून गेलेली. तो वाड्याचा भाग मी दोनदा पाहिला. खायला-प्यायला आहे, अंगावर दागिने आहेत, कुणी हात उगारत नाही, फक्त बाहेर जायचं नाही. आमच्या समुपदेशन केंद्रात अशा बायका येतात. तक्रार काय म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत नाही, कारण मारहाण नाही, उपासमार नाही. आम्ही तो सिनेमा आठवतो आणि पुढचे प्रश्न विचारतो. या भूमिकेसाठी स्मिताला पहिल्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई ते बघायला नव्हत्या.

त्याच वर्षी 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांची गाणी. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे, पण शिकले जळगावात, त्यामुळे जळगावकर त्यांनाही आपलंच म्हणतात. शिरपूरच्या पाटलांची मुलगी आणि पळसखेड्याचा शेतकरी कवी एका सिनेमात! त्यातली स्मिताची चिंधी ही ठाकर मुलगी डोंगरावर अशी पळते, की तिला बघून आपल्याला दम लागतो.

पुढची सात-आठ वर्षं तिनं किती काम केलं, त्याची यादी द्यायची तर पान पुरणार नाही. मृणाल सेन यांच्या 'अकालेर संधाने' या बंगाली सिनेमात ती महायुद्धाच्या काळातल्या, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर सिनेमा काढायला खेड्यात गेलेली नटी झाली. सत्यजित राय यांच्या 'सद्गति'त चांभाराची बायको. 'आक्रोश', 'भवनी भवाई', 'बाजार', 'अर्धसत्य', 'मंडी'. मल्याळममधला 'चिदंबरम'. 'चक्र' हा जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा सिनेमा. त्यात ती मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा झाली आणि दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण या सिनेमात अम्मा उघड्यावर आंघोळ करते असा एक प्रसंग आहे. झोपडपट्टीतल्या बाईला न्हाणीघर कुठून असणार? तो प्रसंग साधा आहे. जाहिरातीसाठी मात्र नेमकं तेच चित्र मोठं करून भिंतींवर लावलं गेलं. स्मिताला ते फार लागलं होतं. तिनं जे बाईचे हाल म्हणून केलं, ते विकणाऱ्यांनी बाईचं अंग म्हणून विकलं.

आता 'उंबरठा'. १९८२ चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेल. मी तो पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा सहावी-सातवीत असेन. आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, शेजारच्या काकूही बघायला आल्या होत्या. सुलभा महाजन शिकलेली आहे, तिचा नवरा वकील, सासू स्वतः समाजकार्यात नाव असलेली, घर भरलेलं, पदरी छोटी मुलगी. तिला गावाबाहेरच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी मिळते आणि ती जाते. तिथं टाकलेल्या, पळालेल्या, फसलेल्या बायका, भ्रष्ट समिती, पुढाऱ्यांच्या रात्रीच्या मागण्या. सुलभा भांडते, हरते, राजीनामा देऊन घरी परतते. घर तसंच आहे, पण तिची जागा राहिलेली नाही. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे आणि तो ते शांतपणे सांगतो. सुलभा पुन्हा बाहेर पडते.

सिनेमा संपल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या की मुलीला टाकून जायला नको होतं. आई काहीच बोलली नाही. पदर खोचून ती चुलीकडे वळली, भाकरी थापायला घेतली आणि पहिलीच भाकरी करपली. आईची भाकरी कधी करपत नसे म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

मी लग्न होऊन जळगावला आले, दोन मुलं झाली. धाकटा शाळेत जायला लागल्यावर महिला बचत गटांच्या कामात शिरले आणि पुढे समुपदेशन केंद्रात. आठवड्यातून दोन दिवसांचं काम. तेवढ्यासाठीही घरात काय काय झालं, ते मी इथं लिहीत नाही. सासूबाई आज माझ्या कामाचं कौतुक करतात. पण पहिल्या वर्षी दर मंगळवारी नि शुक्रवारी घरातून निघताना मला सुलभा महाजन आठवायची. तिचं बरोबर की चूक, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. मी मुलांना टाकून गेले नसते. पण ती गेली म्हणून मला दोन दिवस तरी मागता आले, असं वाटतं. 'उंबरठा'ला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि समाजकार्य शिकणाऱ्या मुलींना तो दाखवतात.

त्याच १९८२ मध्ये ती 'शक्ती' आणि 'नमक हलाल' या मोठ्या हिंदी सिनेमांत अमिताभ बच्चनबरोबर दिसली. 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं करून आल्यावर ती घरी खूप रडली होती, असं सांगतात. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटलं. पुष्कळांना तिचे हे सिनेमे खटकले. मला नाही खटकत. धुळ्या-जळगावच्या टॉकीजमध्ये 'मंथन' किती दिवस चालला असता? 'आखिर क्यों' मात्र आमच्या आया-मावश्यांनी रुमाल ओले करत पाहिला. त्यातली नवऱ्यानं फसवलेली निशा पुढे लेखिका होते, स्वतःच्या पायावर उभी राहते. १९८५ मध्ये हा सिनेमा आला आणि त्याच वर्षी स्मिताला पद्मश्री मिळाली. तेव्हा ती अवघी २९ वर्षांची होती.

आता जे सांगायचं ते सांगताना हात जरा आखडतो. राज बब्बर यांच्याबरोबर काम करताना दोघं जवळ आली. ते विवाहित होते, नादिरा बब्बर त्यांच्या पत्नी, दोन मुलं. स्मितानं त्यांच्याशी संसार मांडला. विद्याताईंना हे मान्य नव्हतं. ज्या मुलीनं 'उंबरठा' केला, बायकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जी आवर्जून जायची, तिनं दुसऱ्या बाईचा संसार मोडावा, असं बायकांनीच बोलून दाखवलं. त्याआधी 'अर्थ' सिनेमात तिनं दुसरी बाईच केली होती, मनातून सतत भ्यालेली, कधीच निवांत न झालेली. लोकांनी तो सिनेमा आणि तिचं आयुष्य एकावर एक ठेवलं.

मी केंद्रात टेबलाच्या या बाजूला बसते. समोर बहुतेक वेळा पहिली बायको असते, हातात लग्नाचा फोटो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन. त्यामुळे स्मिताचं चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण एकदा माझ्यासमोर एक दुसरी आली होती. पंचवीस-सव्वीसची पोर, घरच्यांनी दार बंद केलेलं, हक्क कशावरच नाही, आणि गावात सगळा दोष हिच्या एकटीच्या माथी. पुरुषाचं नाव कुणी घेत नव्हतं. त्या दिवसापासून मी दुसरी हा शब्द जपून वापरते.

स्मिताला मूल हवं होतं. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला, प्रतीक. त्यानंतरचे पंधरा दिवस मला वाचवत नाहीत. बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग झाला, ताप चढू लागला. बाळाला सोडून दवाखान्यात जायला ती तयार नव्हती, असं जवळची माणसं सांगतात. नेलं तोवर उशीर झाला होता. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. वय ३१. मुंबईसारख्या शहरात, मोठ्यातले मोठे डॉक्टर हाताशी असताना, स्वतःची आई परिचारिका असताना. मेल्यावर मला सवाष्णीसारखं सजवा, असं ती कधीतरी गमतीत आपल्या मेकअपमनला म्हणाली होती. त्यांनी तिला तसंच सजवलं. गमतीतली गोष्ट त्या माणसाला खरी करावी लागली.

मी तेव्हा लहान होते. अंगणात खेळत होते आणि आई रेडिओजवळ डोळ्याला पदर लावून उभी होती, एवढंच आठवतं. मला वाटलं नात्यातलं कुणीतरी गेलं.

बाळंतिणीचा ताप म्हणजे काय, हे मला पुढे आमच्याच घरात कळलं. माझी चुलत जाऊ चोपडा तालुक्यातल्या खेड्यात दिलेली. कापूस वेचणीचे दिवस, घरात सगळे शेतावर. पहिलटकरीण, दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ताप भरला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, दारं-खिडक्या बंद. दूध भरल्याचा ताप असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास येतो, हे ती लाजेनं बोललीच नाही. सातव्या दिवशी गावातली आशाताई ठरल्याप्रमाणे आली. आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. तिनं थर्मामीटर लावला, जाऊला एकटीला चार प्रश्न विचारले आणि मग घरातल्या पुरुषांशी अक्षरशः भांडली. १०२ ची गाडी बोलावली. जाऊ जळगावला नऊ दिवस दवाखान्यात होती आणि वाचली. तिची मुलगी आता कॉलेजात जाते. त्या आशाताईला मी दर दिवाळीला फराळ पाठवते. गटाच्या बैठकीत बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नका, हे सांगायची वेळ येते तेव्हा मी पुस्तकी माहिती सांगत नाही, स्मिता पाटीलचं सांगते. बायका ऐकतात.

प्रतीकला आजी-आजोबांनी वाढवलं. विद्याताई आणि शिवाजीरावांनी म्हातारपणी पुन्हा एकदा दूध-बाटली, शाळा, डबा सगळं केलं. तोही सिनेमात आला. २०२४ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'मंथन'ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत दाखवली, तेव्हा आईच्या वतीनं तो तिथं होता. आता तो आपलं नाव प्रतीक स्मिता पाटील असं लावतो. पंधरा दिवसच मिळाली ती आई त्याला.

स्मिता गेल्यानंतरही तिचे सिनेमे येतच राहिले. जेमतेम बारा वर्षांत ऐंशीच्या आसपास सिनेमे करून ठेवले होते तिनं. 'वारिस' आला तेव्हा तिचा आवाज रेखानं दिला होता. आणि १९८७ मध्ये लागला केतन मेहतांचा 'मिर्च मसाला'. इंग्रजांच्या काळातलं गुजरातमधलं खेडं. सुभेदाराची नजर सोनबाईवर पडते, ती त्याच्या थोबाडीत मारून पळते आणि मिरची कुटायच्या कारखान्यात लपते. गावातले पुरुष म्हणतात, एका बाईपायी गाव कशाला बुडवायचं, देऊन टाका. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ तेवढा दार उघडत नाही. शेवटी आतल्या बायका लाल तिखटाच्या टोपल्या उचलतात आणि सोनबाई विळा हातात घेऊन उभी राहते.

मिरची म्हटल्यावर आपल्याला दोंडाईचा आणि नंदुरबार आठवणारच. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला, स्मिता होती तेव्हा ते सगळं धुळ्यातच होतं. थंडीत नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. लांबून बघावं तर जमिनीवर लाल लुगडी वाळत घातल्यासारखी दिसतात. शेकडो बायका दिवसभर उन्हात बसून देठ खुडतात. हाताची आग इतकी होते, की रात्री लेकराला जवळ घ्यायचीही भीती वाटते.

आखाजीनंतर भाची हट्ट धरून बसली होती, म्हणून या हिवाळ्यात आम्ही दोघी माझ्या मावसबहिणीकडे नंदुरबारला गेलो. वाटेत सावळदेच्या पुलावरून तापी ओलांडून मुद्दाम शिरपूरला जाऊन आलो. मावसबहीण तिथल्या एका बचत गटाची अध्यक्ष आहे. संध्याकाळी काम सुटल्यावर तिच्या ओसरीवर पंधरा-वीस बायका जमवल्या आणि भाचीनं लॅपटॉपवर 'मिर्च मसाला' लावला. गुजरातीचा शेजार असल्यामुळे त्या वेशाचं, लाल-हिरव्या ओढण्यांचं कुणाला नवल वाटलं नाही. तिखट उडालं तेव्हा दोघी-तिघींनी सवयीनं पदर नाकाला लावला.

नंतर मी सांगितलं की ही सोनबाई शिरपूरच्या पाटलांची होती. एक वयस्कर आजी पुढे सरकल्या. कोणते पाटील, घर कुठं, वडील कुणाचे, सगळं खोदून विचारलं. आजींचं माहेर शिरपूर तालुक्यातलं निघालं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि गावाच्या नात्यानं ती आपली भाची लागते, असं जाहीर करून टाकलं. मग तिला मूलबाळ काय, असं विचारलं. मी मुलाचं सांगितलं, आणि ती कशानं गेली तेही. आजी बराच वेळ गप्प होत्या. ओसरीच्या कोपऱ्यात मावसबहिणीची सून बसली होती, सात महिन्यांची गरोदर. आजींनी तिच्याकडे बघितलं, आणि घरात थर्मामीटर आहे का, असं माझ्या बहिणीला विचारलं.